उपवासाचं ताट

शनिवारी सकाळी बुओना व्हिस्टाला उतरलं की मी जवळजवळ डोळे मिटून चालतो. स्टेशनाबाहेरच्या काचेच्या इमारती संपल्या की झाडांखालून एक पायवाट जाते, आणि जुन्या, ठेंगण्या ब्लॉकच्या तळमजल्यावरची दुकानं लागतात. आधी केस कापणारा, मग चाव्या करून देणारा, मग ती. तिचं दुकान दिसण्याआधी धूर लागतो. पहिल्यांदा उदाचा, मग कॉफी भाजल्याचा. आठवडाभर मी दुरुस्तीला आलेल्या जहाजांच्या पोटात उतरून डिझेलचा वास घेत असतो. या धुरात शिरलो की अंगातलं काहीतरी सैल होतं, आणि आपण जागे आहोत की अर्धवट झोपेत, हे मला नीट सांगता येत नाही.

ती इथिओपियाची. नवऱ्याच्या नोकरीमागे सिंगापूरला आली, नवरा पुढे दुसऱ्या देशात गेला आणि ही इथंच राहिली. मला ती कॅप्टन म्हणते. मी तिला कितीदा सांगितलं, बाई, मी कॅप्टन नाही, मी इंजिनवाला, आणि इंजिनवाल्याला कॅप्टन म्हणणं म्हणजे त्याला चिडवणंच आहे. ती हसते आणि म्हणते, "बरं कॅप्टन, बसा."

बसायला ठेंगणे स्टूल, आणि मधोमध वेताने विणलेलं, गुडघ्याएवढं उंच, टोपलीसारखं टेबल. त्यावर एक मोठं गोल ताट. ताटभर पसरलेली इंजेरा, म्हणजे आमच्या आंबोळीची मोठी बहीण, तशीच आंबूस आणि जाळीदार. तिच्यावर मसुराची लालभडक आमटी, पालेभाजी, कोबी-बटाटा आणि बेसनासारख्या पिठाचं एक दाट कालवण. ते मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा म्हटलं, अरे, हे तर पिठलं! त्या ताटाबरोबर वेगळ्या थाळ्या नाहीत, चमचे नाहीत. बसलेल्या सगळ्यांनी त्या एकाच ताटातून, आपापल्या बाजूने तोडून खायचं. आणि जेवण रंगात आलं की एकाने घास करायचा आणि दुसऱ्याच्या तोंडात द्यायचा. त्याला तिच्याकडे गुर्शा म्हणतात. सगळ्यात मोठ्या माणसापासून सुरुवात, आणि दिलेला घास नाकारायचा नाही, असा रिवाज.

जेवणानंतर कॉफी. तीही अशी तशी नाही. हिरव्या बिया धुवायच्या, तव्यावर भाजायच्या, आणि तो धुरकट तवा प्रत्येकाच्या पुढ्यातून फिरवायचा. आपण हाताने धूर आपल्याकडे ओढून घ्यायचा, लोक आरती घेतात तसा. मग कुटणं, मग मातीच्या सुरईत उकळणं, मग छोट्या बिनकानाच्या कपांत तीन वेळा ओतणं. पहिल्या कपानंतर उठून जाणाऱ्याला ती काही बोलत नाही, पण तिच्या कपाळावर एक आठी येते. मी तिसऱ्या कपापर्यंत बसतो. बाहेर ऊन पांढरं झालेलं असतं, पंखा फिरत असतो, आणि मला कुठल्या तरी बंदरात नांगर टाकून पडल्यासारखं वाटतं.

जानेवारीत एकदा दुकानात मी एकटाच होतो. ती समोर येऊन बसली. म्हणाली, "कॅप्टन, हे ताट आता उचलून ठेवावं म्हणते."

मला वाटलं, फुटलं की काय. तर तसं नव्हतं. शेजारच्या वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसांना तिचं जेवण हवं होतं, पण डब्यांत. एकेकाचा वेगळा डबा, वेगळा चमचा, वर घट्ट झाकण. कुणाला तिथं येऊन बसायला वेळ नव्हता, आणि वेळ असलेल्यांना एका ताटात जेवायचा संकोच.

"मग दोन्ही कर," मी म्हटलं.

"दोन हात आहेत, आणि जागा एवढीच." मग ती ताटाची कड बोटाने पुसत म्हणाली, "डबे मी भरेन. छान भरेन. पण मग मी नुसती भाजी विकणार. हे जे आहे ना," तिने हाताने रिकाम्या स्टुलांवरून एक गोल फिरवला, "हे नाही राहणार. फेब्रुवारी संपेपर्यंत बघते. तोवर माणसं बसली ताटाभोवती तर ठीक."

मला ते फार लागलं. एखादं दुकान बंद होणं सिंगापुरात नवीन नाही. इथं आज आहे ते उद्या नसतं आणि कुणी सुतक पाळत नाही. पण ते ताट उचललं जाणं मला सहन होण्यासारखं नव्हतं. त्याचं कारण सांगायला जरा मागे जावं लागेल.

माझं गाव मुरूडच्या बाजूला. गाव म्हणजे गावाबाहेरची आमची वस्ती. आजोबांच्या वेळी बाजारातल्या चहाच्या दुकानाबाहेर खिळ्याला एक कप टांगलेला असायचा. तो आमच्या लोकांचा. बाहेरच उकिडवं बसायचं, दुकानदार वरून चहा ओतणार, प्यायचा, आपला आपण कप विसळायचा आणि पुन्हा खिळ्याला अडकवायचा. मी तो कप पाहिला नाही. पण माझे वडील त्या दुकानात आयुष्यात कधी चहा प्यायले नाहीत. कप गेला, दुकानदार गेला, त्याचा मुलगा हात धरून आत बोलवायचा, तरी नाही. मी बोटीवर लागलो तेव्हा मला सगळ्यात मोठी चैन कसली वाटली असेल तर मेसची. जगातल्या पाच देशांची माणसं, सगळ्यांना एकाच पातेल्यातून. त्यामुळे सिंगापुरातल्या या आडबाजूच्या दुकानात, माझ्या वयाला, एक परकी बाई स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात घास देते तेव्हा माझं काय होत असेल, ते ज्याचं त्याने समजून घ्यावं.

आणि दुसरं कारण माझ्या घरातच होतं, जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये, बाल्कनीत खुर्ची टाकून बसलेलं. माझ्या सासूबाई.

माझी बायको पुण्यातल्या एका सोवळ्या घरातली. कॉलेजात जमलं, लग्न झालं. त्या काळाच्या मानाने फार आरडाओरडाही झाला नाही. सासूबाई लग्नाला आल्या, आशीर्वाद दिला. मग एकदा आमच्या गावी आल्या. माझ्या आईने, आम्ही तिला आये म्हणायचो, आदल्या दिवसापासून तयारी केली होती. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, खीर. सासूबाई हसून म्हणाल्या, "अगंबाई, आज नेमका माझा उपवास." एक केळं खाल्लं. पुढच्या खेपेला आल्या तेव्हाही नेमका उपवास. आये शेजारणीला कौतुकाने सांगायची, "मोठी देवधर्माची बाई हो." तिला खरंच तसं वाटायचं की तिने तसं वाटून घ्यायचं ठरवलं होतं, हे मी कधी विचारलं नाही, आणि आता ती नाही.

सासूबाई वाईट बाई नाहीत. हीच तर पंचाईत आहे. मी एकदा बोटीवर पडून पाय मोडून घेतला तेव्हा पुण्याच्या हॉस्पिटलात याच बाईने उशाशी बसून रात्री काढल्या. सासरे गेल्यापासून त्या दरवर्षी काही महिने आमच्याकडे राहतात. माझ्या मुलीला, म्हणजे त्यांच्या नातीला, परवचा शिकवतात; नात त्याला सिंगापुरी थाटात "सो क्यूट लाह" म्हणते. फक्त पुण्याहून येताना त्यांची स्टीलची ताटली आणि पेला बरोबर येतात, आणि ते आमच्या भांड्यांत मिसळत नाहीत. "सवय आहे गं तिची," बायको म्हणते. मी हो म्हणतो आणि बाल्कनीतून दूरच्या जहाजांचे दिवे बघत बसतो. असा राग फार वर्षं झाली की तो रागासारखा वाटत नाही, गुडघेदुखीसारखा वाटतो.

तर, फेब्रुवारी उजाडला. आमच्या कंपनीचं मुख्य ऑफिस समुद्रापलीकडे, अमेरिकेत आहे आणि तिथून दरवर्षी या महिन्यात एक मेल येतो: हा महिना कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा, तो साजरा करा, आपल्या भागातल्या कृष्णवर्णीयांच्या दुकानांना, व्यवसायांना पाठिंबा द्या. आमच्याकडे पॅन्ट्रीत एक पोस्टर लागलं आणि चॉकलेटचे डोनट आले. डोनट काळे होते, एवढाच त्यांचा इतिहासाशी संबंध. मी तो मेल फोनवर उघडून शनिवारी तिच्यापुढे धरला.

तिने तो सावकाश वाचला आणि खळखळून हसली. "कॅप्टन, मी काळी आहे हे मला इथल्या विमानतळावर उतरल्यावर कळलं. घरी मी नुसती मी होते." मग तिने तवा खाली ठेवला. म्हणाली, "पण हा महिना मला आवडतो. अमेरिकेत त्या लोकांनी काय केलं माहितीये? गोऱ्यांच्या हॉटेलांत त्यांना जेवायला बसू देत नव्हते. तर काही पोरं आत गेली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, एक कॉफी द्या. एवढंच. कॉफी मिळाली नाही तरी उठली नाहीत. लोकांनी डोक्यावर साखर ओतली, ढकललं. तरी बसून राहिली. मी जेव्हा जेव्हा कुणाला स्टूल पुढे करते, तेव्हा मला ती पोरं आठवतात."

मग मी तिला माझ्या गावाकडचं सांगितलं. आमच्या किनाऱ्यासमोर समुद्रात एक किल्ला आहे, जंजिरा, आणि त्याच्यावर कित्येक पिढ्या तिच्याच मुलुखाकडून आलेल्या लोकांनी राज्य केलं. आमच्या शाळेच्या पुस्तकात ते फक्त शत्रू म्हणून यायचे. किल्ला काही केल्या देत नाहीत म्हणून आम्ही पोरं त्यांच्यावर चिडायचो. गुलाम म्हणून आणलेली माणसं राजे कशी झाली, हे मात्र पुस्तकात कुणी सांगितलं नाही. आमच्या वर्गात त्यांच्याच वंशातला एक मुलगा होता, कुरळ्या केसांचा, आमच्याहून अस्सल कोकणी बोलणारा. तिला पटेना. मी फोनवर किल्ल्याचा फोटो दाखवला. ती तो बोटांनी मोठा करत राहिली. बुरूज, पाणी, पुन्हा बुरूज. "इतक्या लांब," ती स्वतःशीच म्हणाली. दुपार कलली तरी आम्ही तसेच बसलो होतो, आणि मला वाटत होतं की हा समुद्र एकच आहे आणि आम्ही सगळे त्याच्या काठाकाठाने सरकत सरकत इथं येऊन लागलो आहोत.

त्या गुंगीतच मी बोलून गेलो, "आमच्या मराठी मंडळाला घेऊन येतो. शेवटच्या शनिवारी. तू तुझी गोष्ट सांग आणि जेवू घाल."

"एका ताटात," ती म्हणाली.

"एका ताटात."

मंडळातल्या लोकांना कल्पना एकदम पसंत पडली. पुण्यामुंबईची कॉम्प्युटरवाली मंडळी, नवं काही म्हटलं की पुढे. अध्यक्षीणबाईंनी पोस्टर केलं, तीन ताटांपुरती माणसं सहज जमली. सासूबाई येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. पण नातीने लकडा लावला, "आजी, कम लाह, घरी बसून काय करणार," आणि त्या जरीकाठाची सुती साडी नेसून तयार झाल्या. गाडीत त्या माझ्याशेजारी बसल्या होत्या. एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, जमिनीच्या वरून जाते तिथं संध्याकाळचं ऊन डब्यात आडवं येतं, सगळ्यांचे चेहरे सोनेरी दिसतात. सासूबाई त्या उन्हात डोळे मिटून बसल्या होत्या. मला त्यांच्याकडे बघून एकाच वेळी माया आली आणि कंटाळा आला.

तिने दुकान असं सजवलं होतं की मी दारातच थांबलो. जमिनीवर हिरवं गवत अंथरलेलं, कोपऱ्यात ऊद, आणि तिच्या अंगावर पांढरं, काठाला रंगीत नक्षीचं सुती वस्त्र. ते बघून आमच्या बायका एकदम म्हणाल्या, "अय्या, हे तर आपल्या खणासारखं!" तिने सगळ्यांना बसवलं, बिया भाजल्या, तवा फिरवला. गवताचा आणि कॉफीचा वास एकमेकांत मिसळला. मग तिने त्या स्टुलावर बसलेल्या पोरांची गोष्ट सांगितली, हळू आवाजात, निखाऱ्याकडे बघत. लोक खरोखर हेलावले. एकीने डोळे पुसले. अध्यक्षीणबाई मला म्हणाल्या, "किती भयानक ना! माणसाला माणसाबरोबर जेवू द्यायचं नाही म्हणजे काय!" मी मान डोलावली. दुसरं काय करणार.

मग ताटं आली.

एका ताटाभोवती सातआठ जण, आणि सगळ्यांचे हात मांडीवर. कुणीच पुढे होईना. मग एकमेकांत कुजबुज सुरू झाली. "उष्टं होणार ना सगळं." "कोविडनंतर असं नको वाटतं हो." "मुलांना सर्दी आहे." शेवटी अध्यक्षीणबाई उठल्या आणि तिला अगदी गोड आवाजात म्हणाल्या, वेगळ्या प्लेट्स मिळतील का, कागदाच्या चालतील.

ती हसली, आत गेली आणि कागदी प्लेट्सची चळत आणून ठेवली. तिचं ते हसणं मी बघितलं. ते रोजचं नव्हतं. मी तिच्याशी बोलायला उठणार होतो, पण काय बोलणार होतो? त्या बायका काही वाईट बोलल्या नव्हत्या. त्यांना आपण काय करतोय याचा पत्ताही नव्हता. आजोबांचा कप मी पाहिला नव्हता म्हणत होतो; आता त्याची चळतच समोर होती.

लोकांनी प्लेट्स घेतल्या. ताटाच्या कडेकडेने चमच्याने वाढून घेऊ लागले. आणि तेवढ्यात ती गुडघ्यांवर बसली, इंजेराचा तुकडा तोडला, त्यात मसुराची आमटी आणि भाजी गुंडाळून नीट घास केला, आणि खोलीतल्या सगळ्यात वयस्क माणसाकडे वळली. तिने हार मानली नव्हती. ताट हरलं तरी रिवाज करायचाच, असं तिने ठरवलं असणार.

घास सासूबाईंच्या तोंडापासून वीतभर अंतरावर थांबला. सगळं दुकान बघत होतं. सासूबाईंनी हसून हात आडवा धरला आणि म्हणाल्या, "नको हो. आज माझा उपवास आहे."

वीस-बावीस वर्षं मी ते वाक्य ऐकत आलो आहे. बायकोने खाली बघितलं. नातीला यातलं काही माहीत नाही, तिने सरळ भाषांतर करून टाकलं, "आंटी, शी इज फास्टिंग."

आणि घास धरून बसलेल्या त्या बाईचा चेहरा उजळला. "उपवास? माझाही उपवास आहे! आमचा मोठा उपवास चालू आहे, आता पुढचे कित्येक आठवडे. हे सगळं उपवासाचंच आहे! मांस नाही, दूध नाही, तूप नाही, अंडं नाही. तुमच्यासाठीच केलंय असं समजा!"

नातीने भाषांतर केलं. सासूबाई गोंधळल्या. त्यांचा आडवा हात तसाच होता. "दूध नाही? दूध चालत नाही उपवासाला?"

"नाही, नाही. दूध अजिबात नाही."

"मग खातात काय?"

"डाळ, भाजी, भाकरी."

"डाळ चालते?" सासूबाईंना राहवेना. "आमच्यात धान्य चालत नाही आणि दूध चालतं. साबुदाणा, वरी, शेंगदाणे." नात बिचारी साबुदाण्याचं इंग्रजी शोधत बसली. "आणि किती दिवस म्हणालीस?"

"दोन महिन्यांपेक्षा थोडे कमी. रोज दुपारपर्यंत पाणीसुद्धा नाही."

सासूबाईंच्या डोळ्यांत जे आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. आदर म्हणावा का? एका उपवासवाल्या बाईने दुसरीला ओळखलं होतं. त्या क्षणभर त्या घासाकडे बघत राहिल्या. त्यांच्याकडे आता कुठलंच कारण उरलं नव्हतं आणि ते त्यांना कळलं होतं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिखट आहे का हो?"

"आहे," मी म्हटलं.

त्यांनी तोंड उघडलं.

मसुराची आमटी खरोखरच तिखट असते. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी तो मोठा घास नेटाने चावला आणि गिळला. मग त्यांनी स्वतः हात पुढे केला, मोठ्या ताटातून तुकडा तोडला आणि म्हणाल्या, "हे पिठलंच की हो." त्यांच्या बाजूची बाई हसली आणि तिनेही प्लेट खाली ठेवली. मग आणखी एकीने. मग पोरं घुसली, आणि पोरं घुसल्यावर कोण कुणाचं उष्टं बघतंय. सगळ्यांनी प्लेट्स टाकल्या असं नाही. दोघी शेवटपर्यंत आपल्या कागदी प्लेट धरून बसल्या, त्यांची त्यांना लखलाभ. पण तिन्ही ताटांवर हात पडत होते, एकमेकांना लागत होते, आणि घास भरवण्याची चढाओढ सुरू झाली होती. माझ्याजवळून जाताना ती थांबली आणि हळूच म्हणाली, "पुढच्या शनिवारी ताट आहे, कॅप्टन. त्याच्या पुढच्याही."

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. दिवे पिवळे झाले होते, धूर छताखाली तरंगत होता, आवाज लांबून येत असल्यासारखे वाटत होते. मी भिंतीला टेकून ते सगळं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, हे असं किती सोपं होतं.

तेवढ्यात सासूबाईंनी नातीला विचारलं, "हिला कोण भरवतं गं?"

प्रश्न तिच्यापर्यंत पोचला. ती म्हणाली, "मला? इथं कुणी नाही. इथं मीच भरवते. आई भरवायची, ती अदीस अबाबाला आहे. आता तिला इतका प्रवास झेपत नाही."

सासूबाईंनी तुकडा तोडला. त्यांची बोटं वाकडी झाली आहेत, संधिवाताने. घास नीट वळेना, भाजी बाहेर येत होती. त्यांनी तो दोनदा पुन्हा बांधला. ती समोर गुडघ्यांवर बसली, आणि त्या म्हाताऱ्या हाताने तो घास तिच्या तोंडात दिला. ती चावू शकली नाही. तशीच बसली, तोंड भरलेलं, आणि पांढऱ्या पदराने तिने चेहरा झाकून घेतला. सासूबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी नाही वाजवल्या. मला आये दिसत होती, चुलीपुढे, खिरीचं भांडं झाकून ठेवताना. या बाईला एका अनोळखी पोरीच्या हातून खायला एक संध्याकाळ पुरली, आणि माझ्या आईला तेवढी मिळाली नाही. मला इतका राग आला की मला वाटलं आता सरळ बाहेर जावं आणि चालत सुटावं. आणि त्याच वेळी त्या दोघींकडे बघत तिथंच उभं राहावंसंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं. कुठलंच दुसऱ्याला हटवत नव्हतं.

सासूबाई वळल्या. त्यांनी भिंतीशी उभ्या असलेल्या मला बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांनी पुन्हा ताटात हात घातला, पुन्हा ते वाकड्या बोटांनी घास बांधणं, आणि मग त्या स्टुलावरून उठल्या. बायको त्यांना धरायला गेली, तर तिला त्यांनी बाजूला केलं. त्या गवतावरून माझ्यापर्यंत आल्या आणि हात वर केला. मी उंच आहे, त्यांना टाचा उचलाव्या लागल्या.

"आ करा," त्या म्हणाल्या.

माझं तोंड उघडेना. मी मुद्दाम काही करत नव्हतो. जबडाच हलत नव्हता. आमटीचा एक ओघळ त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला, जरीच्या काठाला लागला. हात अवघडला असणार. मला वाटलं, आता खाली घेतील. कुणीही घेतला असता.

त्यांनी घेतला नाही. दुसऱ्या हाताने तो हात मनगटाशी धरला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"त्यांच्या हातचं मी खायला हवं होतं," त्या म्हणाल्या. फक्त मला ऐकू जाईल एवढंच.

"हो," मी म्हटलं. "खायला हवं होतं."

आणि ते म्हणायला माझं तोंड उघडलं होतं, तेव्हा त्यांनी घास आत घातला.